बोरनाल्याचं पाणी कोणी पाठवलं

आंजी

वर्ध्याकडे जाऊन आले म्हटलं की लोक लगेच विचारतात, सेवाग्राम पाहिलंत का. नाही पाहिलं. या वर्षात दोनदा गेले आणि दोन्ही वेळा राहून गेलं. मी पाहिला तो एक नाला, बोरनाला. त्याला फारसं कुणी ओळखत नाही. जिल्ह्याच्या मोठ्या नकाशावर तो दिसत नाही, हिंगणघाटच्या अलीकडे वणा नदीला जाऊन मिळतो एवढीच त्याची ओळख. त्याच्याबद्दल लिहिते आहे, कारण घरी येऊन बरेच दिवस झाले तरी माझा राग उतरलेला नाही.

मी कराडला दिवाणी वकिली करते. आमच्याकडे पाण्याचे खटले म्हणजे पाटाची पाळी. कुणाची मोटार किती वेळ चालली, कुणी दार फोडून आपल्या उसाला पाणी घेतलं, यावरून सख्खे भाऊ कोर्टात येतात. पाणी किती, एवढाच आमचा तंटा. पाणी कसलं, हा तंटा असू शकतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, अशिलाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

वनिता माझी पुण्यातल्या वसतिगृहातली मैत्रीण. आता आंजी (मोठी) इथे शाळेत शिकवते. "संत्री संपायच्या आत ये," असं तिने फोनवर सांगितलं, आणि मग हळूच, "आमच्या वैनीचं एक काम पण आहे तुझ्याकडे." म्हणून मी थंडीत गेले.

पहिली फजिती जेवताना झाली. वनिता स्वयंपाकघरातून म्हणाली, "पातोडीच्या रस्स्यावर सांबार टाकू का?" मी घाईघाईने नको म्हटलं. तिखटजाळ रस्सा, त्यात बेसनाच्या वड्या, आणि त्यावर इडलीचं सांबार ओतणार ही कल्पना मला सोसेना. ती हिरवीगार कोथिंबीर घेऊन बाहेर आली तेव्हा कळलं की इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिच्या सासूबाई माझ्याकडे पाहून पदराआड हसत होत्या. "मी बी पुन्याले गेलतो तवा असंच झालतं," त्या म्हणाल्या. इथल्या बायका स्वतःबद्दल 'मी गेलतो', 'मी करतो' असंच बोलतात. दोन दिवसांत ते कानाला इतकं बरोबर वाटायला लागलं की मीही एकदा 'मी येतो' म्हणून गेले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"हा सांबार बोरडोहचा नाही," वनिता जेवण झाल्यावर म्हणाली. "इथल्या बाजारातून आणला. वैनीचा आणायची हिंमत होत नाही आता."

बोरडोह

बोरडोह हे वनिताचं माहेर, हिंगणघाट तालुक्यात. तिचा मोठा भाऊ चार-पाच वर्षांमागे अपघातात गेला. त्याआधीच दोन भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. मोठ्याच्या वाट्याला नाल्याकाठचं वावर आलं, ते आता त्याच्या बायकोच्या, रेखावहिनींच्या नावावर आहे. धाकटा भाऊ सुधाकर शेजारच्याच घरात राहतो, टेम्पो चालवतो.

रेखावहिनी भाजीपाला करतात. वांगी, पालक, मेथी, सांबार. एकटीच्या बळावर दोन मुली शिकवतात, त्या वर्ध्याला वसतिगृहात असतात. बाई ठेंगणी, चालायला भरभर आणि बोलायला कमी. मी पोहोचले तेव्हा त्यांनी हातात पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच म्हणाल्या, "प्या बिनधास्त. हे नळाचं हाय. इहिरीचं नाई."

मग त्या मला वावरात घेऊन गेल्या. नाला म्हणजे काही मोठा नाही, चिंचोळा, दोन्ही काठांना बाभळी. पण पाणी वांग्याच्या सालीच्या रंगाचं. काठावरच्या दगडांना त्याच रंगाची पुटं चढलेली, आणि वास असा की घशाशी खवखव. एका जागी फेस अडकून राहिला होता. वरच्या अंगाला, गावाच्या शिवेवर, कापडाला रंग देण्याचा कारखाना आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, खटला चालू आहे. तिथून एक सिमेंटचा पाइप उघडउघड नाल्यात उतरत होता.

"रोज याच रंगाचं?" मी विचारलं.

"नाई. काल लाल होतं. ज्या रंगाची साडी तिकडं, त्या रंगाचा नाला इकडं."

नाल्यापासून जवळच त्यांची विहीर. बादली काढून दाखवली. पाणी लालसर, वर तेलासारखा तवंग. याच पाण्यावर त्यांची वांगी होती. झाडं उभी होती, पण पानांच्या कडा जळल्यासारख्या. त्यांनी आपले हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलली होती. "भाजी धुतली का असं होते. गेल्या सालात म्हैस गेली. डॉक्टर म्हने, पोटात काय गेलं सांगता येत नाई. मले सांगता येते, पन माह्यं कोन लिवून घेते?"

मला तिथेच राग आला, आणि तो चांगला वकिली राग होता. कारण या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. वाहत्या ओढ्याच्या काठी जिची जमीन आहे तिला ते पाणी नैसर्गिक रूपात मिळण्याचा हक्क आहे. वरच्या माणसाने ते वापरावं, पण नासवून खाली सोडू नये. इंग्रजांच्या काळापासून हे लिहिलेलं आहे. पुढे पाणी प्रदूषणाचा वेगळा कायदा झाला, हरित न्यायाधिकरण झालं. इतके कायदे असताना एक बाई सोललेले हात पुढे करून मला विचारत होती की माझं कोण लिहून घेतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिंगणघाटच्या भाजीबाजारात गेलो. रेखावहिनींनी पालक आणि वांगी नेली होती. ज्या अडत्याकडे त्या वर्षानुवर्षं माल घालत होत्या, तो पिढीजात व्यापारी, गोड बोलणारा. त्याने टोपली उघडूनही पाहिली नाही. "रेखाबाई, माल चांगला असन हो, मी नाई म्हणत नाई. पन बोरडोहचा म्हटलं का गिऱ्हाईक हात नाई लावत. मी तरी कायले घेऊ? उद्या मलेच बोल लागते." त्यांनी टोपली परत डोक्यावर घेतली. बाजाराच्या टोकाला जमिनीवर गोणपाट अंथरून बसल्या, आणि कुणी विचारलं, भाजी कुठली, की खरं सांगत होत्या. मला वाटलं, निदान आज तरी खोटं बोला. त्या एकदाही बोलल्या नाहीत. दुपारपर्यंत पालक मान टाकून पडला होता.

जाम

गावाने आधीच तक्रार केली होती, आणि पाण्याचे नमुने घ्यायला सरकारी माणसं येणार असल्याचं आम्हाला तलाठ्याकडून कळलं. मी मुक्काम वाढवला. त्या सकाळी आम्ही आंजीहून वळसा घेऊन जामवरून निघालो, कारण वनिताला तिथून आपल्या मोठ्या मुलीसाठी काही घ्यायचं होतं. जाम म्हणजे महामार्गाचा नाका. हैदराबादकडे जाणारे ट्रक, संत्र्यांचे ढीग, पोह्यांच्या गाड्या. पोह्यावर लाल तर्री ओतून देतात. आमच्या मिसळीचा अभिमान मी थोडा वेळ बाजूला ठेवला.

शेजारच्या बाकावर चौघे बसले होते. तिघांच्या पायाशी नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी होती. चौथा, पांढऱ्या शर्टातला, सगळ्यांचे पोहे सांगत होता, चहा सांगत होता. "आरामात होऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "तिकडे सगळं तयार आहे."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. बोरडोहला पोहोचल्यावर लागला. नाल्याला पाणी होतं ते जवळजवळ नितळ. दगडांवरची जांभळी पुटं तशीच, आणि त्यावरून स्वच्छ पाणी वाहत होतं. कारखान्याच्या फाटकाशी पाण्याचे टँकर रिकामे उभे होते. रेखावहिनी काठावर उभ्या राहून नाल्याकडे पाहत होत्या, दुसऱ्या कुणाच्या घरात चुकून शिरल्यासारख्या.

थोड्या वेळाने गाडी आली. पांढऱ्या शर्टातला माणूस कारखान्याचा व्यवस्थापक निघाला. नमुने घेतले गेले, बाटल्या सील झाल्या. मी पुढे होऊन विचारलं, "कारखान्याला आज येणार हे कधी कळवलं?"

अधिकारी म्हणाले, "मॅडम, नमुना घेताना त्यांना नोटीस द्यावी लागते. कायदाच आहे."

"घेताना द्यायची असते. आदल्या दिवशी नाही."

ते पेटीचं झाकण लावू लागले. व्यवस्थापक हसून म्हणाला, "पाणी समोर आहे, मॅडम. जे आहे ते घ्या."

रेखावहिनींनी त्यांना विहिरीतलं पाणी घ्या म्हटलं. अधिकारी म्हणाले, आमच्या आदेशात नाल्याचा नमुना आहे, विहिरीचा नाही. गाडी निघून गेली. संध्याकाळच्या आत नाला पुन्हा जांभळा झाला. मी आयुष्यात अनेक खोट्या साक्षी ऐकल्या आहेत. पाण्याला खोटी साक्ष द्यायला लावलेलं मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवशीचं जेवण सुधाकरच्या घरी होतं. ज्वारीची भाकर, डाळभाजी, ठेचा. कुणीच नीट जेवत नव्हतं. वनिताने भावाला सरळ विचारलं, "तुझा टेम्पो आज काऊन उभा आहे?"

सुधाकरचा टेम्पो कारखान्यातच लागलेला होता. तो भाकर मोडत राहिला. मग म्हणाला, "काल सांगतलं त्याईनं, उद्या गाडी नको. काम बंद हाय."

"म्हणजे तुले कालच मालूम होतं."

"मालूम असून काय करू, ताई? मी बोललो तं उद्यापासून गाडी कायमची बंद. वैनीचं वावर हाय. माह्याजवळ हा टेम्पोच हाय."

रेखावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, मले सांगतलं असतं तं मी कालच बादली भरून ठेवली असती." आणि त्याच्या ताटात आणखी डाळभाजी वाढली. मी त्यांच्या जागी असते तर वाढली नसती.

हिंगणघाट

अहवाल काय येणार हे ठरलेलंच होतं, तेव्हा त्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. आम्ही दुसरी वाट धरली. सार्वजनिक उपद्रव असेल, लोकांच्या आरोग्याला धोका असेल, तर उपविभागीय दंडाधिकारी तो बंद करण्याचा आदेश देऊ शकतात. त्यासाठी अर्जदार जमिनीचा मालक असावा लागत नाही, मोठा पुरावा लागत नाही. माहिती कुणीही द्यावी. मी अर्ज लिहिला. गावातल्या बायकांनी सह्या, अंगठे केले. पुरुषांपैकी निम्मे कारखान्यात कामाला, त्यांनी पाठ फिरवली. पहिलं नाव रेखावहिनींचं.

दंडाधिकारी एक तरुण बाई होत्या. अर्ज वाचून त्यांनी फक्त विचारलं, "पाणी सगळ्यात वाईट केव्हा असतं?"

"पहाटं," रेखावहिनी म्हणाल्या. "उजेड होते ना, त्या टायमाले."

बाईंनी मान हलवली. मला वाटलं, गेलं हेही फाइलमध्ये. पण पुढच्याच आठवड्यात, उजाडताना, कुणालाही न कळवता, त्या एका कारकुनाला घेऊन गाडीतून उतरून नाल्याकाठी आल्या. वहिनी मेथी उपटत होत्या. त्यांच्या समोर पाइपातून गडद निळं पाणी धो धो येत होतं. बाईंनी पंचनामा तिथेच, वावराच्या बांधावर बसून करून घेतला.

आदेश निघाला: बोरडोहच्या हद्दीत नाल्यात पाणी सोडणारा पाइप बंद करा, नाहीतर हजर होऊन कारण दाखवा. कारखान्याने कारण दाखवलं नाही. उलट फार नम्रपणे कळवलं की पाइप बंद करत आहोत. तो बंद झालाही. मी संत्र्यांची पिशवी घेऊन कराडला परतले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगितली. इतका सरळ निकाल आमच्याकडे पाटाच्या पाळीतही लागत नाही, असं म्हणत होते.

नांदझरी

होळी उलटून गेल्यावर वनिताचा फोन आला. "तू ये," एवढंच म्हणाली.

वर्ध्याचा उन्हाळा आमच्या उन्हाळ्यासारखा नसतो. सकाळी नऊलाच रस्ते रिकामे, माणसं डोक्याला पंचे बांधून, खिशात कांदा. वनिताच्या सासूबाईंनी मला पन्ह्यावर पन्हं पाजलं आणि दुपारी बाहेर पडू दिलं नाही.

बोरडोहला नाला कोरडा पडला होता, पण त्याच्या पात्रातले दगड उन्हात स्वच्छ दिसत होते. विहिरीचं पाणी थोडं निवळलं होतं. अडत्यानेही पुन्हा माल घ्यायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, "मग बोलावलं कशाला?"

रेखावहिनींनी वावराच्या कडेने चालत मला एक पट्टा दाखवला. बांधापासून आत, लांबच्या लांब, माती भुसभुशीत, वर नुसते ढेकळांचे उंचवटे. खालचा मुरूम वर आला होता. त्या माहेरी, आर्वीकडे, भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा हे झालेलं होतं. वावराखालून पाइप गेला होता. कारखान्याने वरचं तोंड बंद करून पाणी जमिनीखालून पुढे नेलं होतं आणि बोरडोहची हद्द संपते तिथे, नांदझरी गावाच्या वरच्या अंगाला, नाल्यात सोडलं होतं. आदेशात बोरडोहची हद्द लिहिली होती. कारखान्याने आदेश अक्षरशः पाळला होता.

"तुमच्या जमिनीतून कुणाच्या परवानगीने नेला?"

त्यांनी सुधाकरच्या घराकडे पाहिलं. "भाऊजी हो म्हनले."

"जमीन तुमच्या नावावर आहे. त्यांच्या होकाराला काही किंमत नाही."

"मी बी तेच म्हनलं त्याईले."

आम्ही नांदझरीला गेलो. कोरड्या पात्रात दुसरं पाणीच नव्हतं, त्यामुळे तिथे वाहत होता तो नुसता रंग. विस्तव विझवल्यासारखा वास. नाल्यालगत पहिलंच घर कमलबाईंचं, वहिनींच्याच वयाच्या, बकऱ्या पाळणाऱ्या. दारात आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत.

"तुमीच ना बोरडोहच्या? तुमचं साफ झालं, आमच्यावर ढकललं."

वनिता घाईने म्हणाली, "आम्ही नाही ढकललं हो, कंपनीनं—"

"पाइप कोनाच्या वावरातून आला? हिच्या. पैशे घेतल्याबिगर कोनी वावर खंदू देते का?" त्यांनी गोठ्याकडे हात केला. "दोन बकऱ्या मेल्या. तिसरी उठून नाई राह्यली. जा तुमी."

रेखावहिनी मागे वळल्या. परत येताना बांधावर एकदम थांबल्या. "मले सारं गाव कायबी बोललं तं चालते," त्या म्हणाल्या. "पन हिनं म्हनलं तसं माह्याबद्दल कोनी म्हनू नये."

मग मी त्यांना जे सांगितलं ते सांगणं मला अवघड गेलं. नांदझरीच्या लोकांनी पुन्हा अर्ज करावा, पुन्हा पाहणी व्हावी, पुन्हा आदेश निघावा, आणि तोवर पाइप आणखी एक गाव पुढे जाईल. हे असंच वणेपर्यंत चालू शकतं. पण हा पाइप आत्ता थांबवू शकेल असं एकच माणूस होतं, ज्याच्या जमिनीतून तो परवानगीशिवाय गेला ते. वहिनींनी दिवाणी न्यायालयात मनाई मागितली तर पाइप वापरता येणार नाही. आणि पाइप बंद झाला तर कारखाना पाणी कुठे सोडेल, हे मी सांगू शकत नव्हते. आदेश असला तरी, एखाद्या पहाटे ते पुन्हा त्यांच्याच विहिरीशी येऊ शकतं.

"म्हंजे हा पाइप हाय तवरच माह्यं पानी साफ हाय," त्या म्हणाल्या.

"हो."

त्या घरी आल्या, चूल पेटवली. त्या दिवशी रस आणि सरगुंडे केले होते. गव्हाच्या पिठाच्या वळलेल्या, वाफवलेल्या नळ्या, आमरसात बुडवून खायच्या. आमच्याकडे हा प्रकार नाही. जेवण होईपर्यंत त्यांनी विषय काढला नाही. ताटं उचलताना म्हणाल्या, "उद्या हिंगणघाटले जाऊ. मी अंघोळ करून तयार राह्यतो."

व्यवस्थापक त्याआधीच येऊन गेला होता, असं मला नंतर कळलं. नवी बोअर मारून देतो, वर्षाला भाडं देतो, मुलींच्या शिक्षणाचं पाहतो. हे सगळं तो बोलला होता, तेही सुधाकरला मध्यस्थ घालून. मला हे कळलं तेव्हा माझ्या मनात सुधाकरबद्दल जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुन्हा हिंगणघाट

न्यायालयात कारखान्याच्या वकिलांनी पाइपबद्दल फार वाद घातला नाही. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. पाइप खोल आहे, वर पीक घेता येतं, वादीचं काहीच नुकसान नाही. उलट, ते म्हणाले, याच पाइपमुळे वादीच्या विहिरीचं पाणी आज स्वच्छ आहे. जिचा फायदा झाला तीच तक्रार घेऊन आली आहे.

मी उठत होते, पण न्यायाधीशांनी हात केला आणि बाकावर बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. "बाई, तुमचं यात नुकसान काय, ते तुम्ही सांगा."

वहिनी उभ्या राहिल्या. पदर सावरला. मला वाटलं, आता गोंधळतील, कारण मी त्यांना यासाठी तयारच केलं नव्हतं.

"साहेब, माह्या वावरातून हे पानी जाते. खालचे लोक म्हनते, रेखाबाईनं पाठवलं. त्याईच्या बकऱ्या मेल्या. मी नाई पाठवलं. माह्या जमिनीतून कोनाच्या घरी जहर जाईन असं मले नाई पाह्यजे. माह्यी इहीर पुन्हा खराब झाली तं मी पुन्हा तुमच्याकडे येईन."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

मनाई मिळाली. पाइप वापरायचा नाही. न्यायालयाने पाहणीसाठी माणूस नेमला, त्याने जाऊन पाहिलं, आणि मग कारखान्याने पाइप उपटून जमीन पूर्ववत करून देण्याची लेखी हमी दिली. रंगाचं खातं सध्या बंद आहे. पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसवतो आहोत, असं ते सांगतात. मी त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, आणि वाचणाऱ्यांनीही ठेवू नये असं मला वाटतं. नांदझरी आणि बोरडोह दोन्ही गावांचा नुकसानभरपाईचा अर्ज हरित न्यायाधिकरणाकडे आहे. त्यावर रेखावहिनींची सही आहे आणि कमलबाईंचा अंगठा आहे. दोघी एकमेकींशी अजून फारशा बोलत नाहीत. सुधाकरचा टेम्पो कारखान्यातून सुटला. त्याने वहिनींच्या दारात येणं बंद केलं आहे, आणि वहिनींनी सणावाराला त्याच्या घरी ताट पाठवणं बंद केलेलं नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी पाइप काढायला माणसं आली. खोदायचं यंत्र, कारखान्याचा एक मुकादम. वहिनी सकाळपासून बांधावर उभ्या होत्या, डोक्यावर ओला पंचा टाकून. पाइपाचे तुकडे एकामागून एक वर आले, आतून जांभळे. ट्रकात भरले गेले. मग मुकादमाने हाताने खूण केली आणि यंत्र भराभर चर बुजवायला लागलं. मुरूम, काळी माती, दगड, सगळं एकत्र.

वहिनी बांधावरून खाली उतरल्या आणि यंत्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चालवणाऱ्याने घाबरून यंत्र थांबवलं.

"काय झालं, बाई?" मुकादम म्हणाला. "काढला ना पाइप."

"असं नाई. हे काढ सारं बाहेर."

"अहो, बुजलं आता."

"मुरूम खाली टाक. काळी माती वरती. जशी होती तशी." त्या हलल्या नाहीत. "मले इथं मेथी पेराची हाय."

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे बोट केलं. ऊन चढत होतं, सावली कुठेच नव्हती. शेवटी त्याने चालवणाऱ्याला हात केला आणि यंत्राने बुजवलेला चर पुन्हा उकरायला सुरुवात केली.